जाळीतून काय निसटतं

प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या माणसाकडे उत्खननातलं साहित्य सहसा पिशव्यांतून येतं. माझ्याकडेही तसंच यायचं. प्रत्येक पिशवीवर खड्ड्याचा क्रमांक, थर, तारीख. आत गुरांचे जबडे, मांडीच्या हाडांचे तुकडे, शिंगांचे बुंधे, मधूनमधून शेळी-मेंढीचा एखादा नडगीचा तुकडा. मी प्राणी ओळखायचे, हाड कोणतं ते लिहायचे, मोजायचे, तोलायचे. एका जागेचं असं बरंच साहित्य पाहून झाल्यावर मला एक गोष्ट खटकायला लागली. शेळ्या-मेंढ्यांना पायच नव्हते! म्हणजे खांदा होता, दंड होता, नडगी होती, पण खुरांकडची बोटांची हाडं जवळजवळ नाहीत.

याला उत्तर तयार होतं. उत्खनन करणाऱ्यांनी तर्क लढवला होता की जनावरं वस्तीबाहेर कापली जात असावीत. मुंडकी आणि खूर तिथंच टाकून फक्त मांसाचे भाग घरी आणले जात असावेत. वाचायला छान वाटतं. कापण्याची जागा वेगळी, खाण्याची वेगळी, म्हणजे कामाची विभागणी आली, कदाचित कसाईही आले. पण माझ्या नोंदवहीत गुरांच्या पायांची बोटं व्यवस्थित होती. गाय-बैलासारखं अवजड जनावर खुरांसकट घरी आणायचं आणि बकऱ्याचे खूर मात्र बाहेर टाकून यायचं, हे कोण करेल?

खूर दुभंगलेल्या जनावराच्या प्रत्येक पायाला दोन मुख्य बोटं असतात आणि प्रत्येक बोटात तीन हाडं. म्हणजे एका मेंढीत पहिलं, दुसरं आणि तिसरं अशी प्रत्येकी ८ बोटहाडं. घोट्याचं हाड मात्र दोनच. पूर्ण जनावर जमिनीत गेलं असेल आणि सगळं हाती लागलं असेल तर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटहाडांची संख्या सारखी यायला हवी. माझ्याकडच्या गुरांत ती बऱ्यापैकी सारखी होती. शेळी-मेंढीत पहिलं थोडं, दुसरं त्याहून कमी, तिसरं नावापुरतं. आकार जसा लहान होत जातो तशी संख्या घटत जाते, हे कसायाचं काम वाटत नव्हतं. मी उत्खननप्रमुखांना विचारलं, माती चाळता का? ते म्हणाले, "महत्त्वाचं काही दिसलं की चाळतो. पण हाडं पुरेशी मिळतायत की!" मिळत होती हे खरंच. गोणीभर मिळत होती.

मी काही नवं शोधून काढत नव्हते. प्राण्यांच्या हाडांचे अभ्यासक सबॅस्टियन पेन यांनी उत्तर ग्रीसमधल्या सिटाग्रॉई इथल्या उत्खननात हाच प्रश्न मातीलाच विचारला होता आणि निष्कर्ष १९७२ साली छापून आले होते. खड्ड्यात नेहमीसारखी हाडं वेचून झाल्यावर त्यांनी तीच माती पाण्यानं चाळली. खोदणाऱ्यांच्या हातून गुरांची मोठी हाडं फारशी सुटली नव्हती; शेळ्या-मेंढ्यांची आणि डुकरांची पुष्कळ सुटली होती, सुटे दात आणि पायांची बारीक हाडं तर सर्वांत जास्त. याच्याही आधी, १९६९ मध्ये, डेव्हिड हर्स्ट थॉमस यांनी अमेरिकेतल्या ग्रेट बेसिनमधल्या साहित्यावर एकाखाली एक जाळ्या लावून दाखवलं होतं की पाव इंचाची जाळी वापरली तर उंदराएवढ्या प्राण्यांची बहुतेक हाडं खाली पडून जातात. इतक्या वर्षांपूर्वी माहीत झालेली गोष्ट अजून प्रत्येक खोदकामात नव्यानं पटवावी लागते, याचं मला नवल वाटत नाही. चाळणं हे कंटाळवाणं, धुळीचं, वेळखाऊ काम आहे आणि त्यातून फोटो काढण्याजोगं फारसं निघत नाही.

हेच आमच्याकडे करून पाहायला मला एक कचऱ्याचा खड्डा मिळाला. राख, हाडं, खापरं असं एकावर एक टाकत भरलेला, कडा स्पष्ट, वर नंतरच्या काळातली उलथापालथ नाही. अट एकच घातली: खोदणारे तेच राहतील आणि नेहमीच्याच वेगानं खोदतील. आपल्यामागून कुणी माती तपासणार आहे हे कळलं की माणूस डोळे ताणून वेचतो, आणि मग प्रयोग नेहमीच्या कामाचा राहत नाही. तरीही पहिल्या दिवशी जरा जास्तच हाडं वर आली, हे मला मान्य करायला हवं. नंतर सगळे सरावले.

हातानं वेचणं ही एकच एक पद्धत नसते, हे मला कडेला बसून पाहताना कळलं. कुदळीनं सैल केलेल्या मातीत जे दिसतं ते आणि खुरपीनं खरवडताना जे दिसतं ते यांत बरंच अंतर आहे. सकाळी माती ओलसर असते तेव्हा हाडाचा पिवळट रंग उठून दिसतो. दुपारी सगळं वाळून एकाच धुरकट रंगाचं होतं. राखेच्या थरात जळून पांढरं पडलेलं हाड राखेतच हरवतं. जळून काळं झालेलं हाड कोळसा समजून सोडलं जातं. लांब हाड मातीतून टोक बाहेर काढतं, त्यामुळे सापडतं; मनगटातलं गोलसर हाड मातीच्या ढेकळासारखंच दिसतं. आणि दिवस उतरला की सगळ्यांचीच नजर मंदावते. म्हणजे दोन थरांतल्या हाडांत फरक दिसला तर तो कधी कधी माणसांच्या जेवणात झालेल्या बदलाचा नसतो, खोदणाऱ्याच्या हातातलं हत्यार बदलल्याचा असतो.

वेचून झालेली माती १० लिटरच्या खुणेच्या बादलीनं मोजून बाहेर येत होती. हे मोजणं मला फार आवश्यक वाटतं. किती लिटर मातीतून किती हाडं आली हे ठाऊक नसेल, तर एका खड्ड्यात खूप हाडं आणि दुसऱ्यात थोडी या वाक्याला अर्थच राहत नाही. खोदलेली माती फुगते, जमिनीत होती तेवढ्या जागेत ती मावत नाही. म्हणून लिटर सुट्या मातीचे आहेत असं नोंदीत लिहून ठेवलं.

मग कोरडी चाळण. तिकाटण्याला टांगलेली चौकट, आत १० मिलिमीटरची जाळी, तिच्याखाली ४ मिलिमीटरची. वरच्या जाळीवर पहिल्याच काही बादल्यांत बोटहाडं यायला लागली. मेंढीचं पहिलं बोटहाड साधारण साडेतीन सेंटीमीटर लांब असतं. हे काही नजरेतून सुटण्याइतकं लहान नव्हे, तरी सुटलं होतं. मनगटाची हाडं, घोट्याची हाडं, गुडघ्याच्या वाट्या, सुट्या दाढा: सगळं वेचून झालेल्या मातीतलं. ज्या पायांवरून कसायांची गोष्ट रचली होती ते पाय खड्ड्याबाहेरच्या ढिगात पडून होते.

जाळीच्या आकाराबद्दल एक बारकावा सांगते, कारण तो अनेकांच्या लक्षात येत नाही. जाळीचं भोक ४ मिलिमीटरचं आहे म्हणजे ४ मिलिमीटरपेक्षा मोठं सगळं वर राहील, असं नसतं. चौकोनी भोकाचा कर्ण बाजूपेक्षा मोठा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या भोकाचा कर्ण जवळजवळ ९ मिलिमीटर भरतो. आणि हाडाला लांबी असते ती आडवं पडलं तरच कामाची. चाळण हलली की लांबट हाड कधी ना कधी उभं राहतं आणि सुळकन खाली जातं. पक्ष्याचं पंखाचं हाड, माशाचा काटा, सशाची फासळी ही सगळी लांबीनं जाळीच्या कितीतरी पट असूनही तिच्यातून जातात. जितका वेळ चाळण हलवाल तितकी ही निसटण्याची संधी वाढते. त्यामुळे दोन माणसांनी एकाच जाळीतून एकच माती चाळली तरी हाती येणारी हाडं थोडी वेगळी असू शकतात.

कोरड्या चाळणीचा दुसरा दोष म्हणजे तिचा हात जड असतो. चिकणमातीची ढेकळं जाळीवर घासून फोडायचा मोह अनावर होतो आणि त्यात आतलं हाडही फुटतं. जुना भंग आणि ताजा भंग ओळखता येतो: जुन्या भंगाच्या कडेला मातीचाच रंग चढलेला असतो, ताजी कड फिकट, स्वच्छ दिसते. पहिल्या दिवसांतल्या ४ मिलिमीटरच्या पिशव्यांत फिकट कडा जास्त दिसल्यावर आम्ही ढेकळं घासणं बंद केलं आणि ती वेगळ्या टोपल्यात टाकून पाण्याकडे पाठवायला लागलो.

ओल्या चाळणीसाठी टाकी, नळी आणि १ मिलिमीटरची जाळी एवढंच लागतं. आणि अर्थात पाणी, जे उत्खननाच्या जागी नेहमी दूर असतं. चिकट माती आधी भिजत ठेवायची. फारच हट्टी असेल तर पाण्यात थोडं सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालतात. त्यानं मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. जळालेली बियाणं आणि कोळसा पाण्यावर तरंगतो तो बारीक कापडी जाळीत वेगळा धरायचा. स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी १९६८ मध्ये ही तरंगवण्याची पद्धत पुरातत्त्वात मांडल्यापासून वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांनी ती उचलून धरली. हाडं मात्र बहुतेक बुडतात, तळच्या जड गाळात राहतात. तो गाळ कुणी निवडलाच नाही तर चाळण्याचा सगळा खटाटोप हाडांपुरता वायाच. तो सावलीत पसरून वाळवायचा. उन्हात घाई केली की दातांचं आवरण तडकतं आणि कोवळी हाडं पापुद्र्यांनी सुटतात.

खरा वेळ खातं ते निवडणं. वाळलेल्या गाळाचे चाळणीनं भाग पाडायचे: ४ मिलिमीटरच्या वरचा, ४ ते २ मधला, २ ते १ मधला. वरचा भाग डोळ्यांनी भराभर होतो. त्याखालचे चिमटा आणि भिंग घेऊन, चमचा चमचा गाळ पांढऱ्या ताटात पसरून बघायचे. मान आखडते, डोळे चुरचुरतात, आणि तासाभरानंतर प्रत्येक खडा हाड दिसायला लागतो. २ मिलिमीटरच्या खालचा सगळा गाळ निवडणं शक्य नसतं. त्याचे सारखे भाग पाडून एक चतुर्थांश निवडला आणि बाकीचा तसाच लेबल लावून ठेवला.

आता यातून काय बदललं?

शेळी-मेंढीचा वाटा वाढला, हे अपेक्षितच होतं. हातानं वेचलेल्या हाडांवरून ही वस्ती गुरं पाळणाऱ्यांची वाटत होती. चाळलेली धरली तर कळपात शेळ्या-मेंढ्यांचं पारडं जड झालं. पण मला त्याहून जास्त महत्त्वाचं वाटलं ते वयाचं चित्र. मेंढीच्या खालच्या जबड्यात पुढे पटाशीसारखे ८ दात असतात, वरच्या जबड्यात पुढे एकही नसतो. हे पुढचे दात मेल्यावर लवकर सुटून पडतात, इतके बारीक की हातानं क्वचितच सापडतात. ४ मिलिमीटरच्या जाळीवर ते आले. त्यांत दुधाचे दातही होते. शिवाय लांब हाडांची अजून न जुळलेली टोकं. कोकराच्या हाडाचं टोक दांड्याला कूर्चेनं जोडलेलं असतं; कूर्चा कुजली की टोक वेगळं होतं, आणि ते वेगळं झालेलं टोक म्हणजे एक बारीक टोपणच. मातीत ते कुणाला हाड वाटत नाही.

कळप कशासाठी पाळला हे मरणाच्या वयावरून वाचतात. पेन यांनीच १९७३ मध्ये तुर्कस्तानातल्या अश्वान काले इथल्या जबड्यांवरून हे नमुने मांडले. मांसासाठी पाळलेल्या कळपात बरीच जनावरं वाढ पूर्ण होत आली की कापली जातात, लोकरीसाठी पाळलेल्यांत ती म्हातारी होतात, आणि दुधासाठी पाळायचं तर जास्तीची नर कोकरं जन्मल्यावर लवकरच जातात. दोन महिन्यांच्या आतल्या कोकराचा जबडा बोटाएवढा आणि नाजूक. तो हातातून निसटला की दुधाचा पुरावाच निसटला. उरतात प्रौढ जनावरं, आणि अभ्यासक बिनधास्त लिहितो की कळप लोकरीचा होता. आमच्या खड्ड्यात कोकरं होती. त्यावरून दूध सिद्ध होत नाही, थंडीत किंवा रोगानंही कोकरं मरतातच. पण प्रश्न तरी विचारता आला.

मासे हातानं वेचलेल्यांत जवळजवळ नव्हते. १ आणि २ मिलिमीटरच्या गाळात ते बारीक मणक्यांच्या रूपात आले. दोन्ही बाजूंनी खोलगट, मधोमध बारीक छिद्र. निवडायला बसलेल्यांपैकी एकानं त्यातला एक मणी म्हणून वेगळ्या डबीत ठेवला होता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये इ.स. १०००च्या आसपास हेरिंग आणि कॉडसारख्या समुद्री माशांचं प्रमाण झपाट्यानं वाढलं, हा जेम्स बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेला निष्कर्ष चाळून मिळालेल्या हाडांच्या जोरावर उभा आहे. हेरिंगचा मणका काही मिलिमीटरचा. तिथं कुणी चाळलंच नसतं तर कॉडची मोठी हाडं तेवढी दिसली असती आणि हेरिंग कागदपत्रांपुरती राहिली असती.

उंदीर, बेडूक, पाली हेही आले आणि त्यांनी डोक्याला ताप दिला. बारीक जाळीत मिळालेलं प्रत्येक हाड खड्ड्याच्या काळाचं असतं असं नाही. उंदीर मऊ मातीत बीळ करतो आणि तिथंच मरतो, शेकडो वर्षांनंतरही. हाडाचा रंग इतरांपेक्षा ताजा असेल, एकाच प्राण्याचा बहुतेक सांगाडा एकत्र असेल, खोदताना मातीत बिळाचा वेगळा रंग दिसला असेल तर मी ती हाडं बाजूला ठेवते. म्हणून खोदणाऱ्याची नोंद आणि चाळणीची पिशवी एकत्र वाचावी लागते. नुसत्या पिशवीवरून हे ठरत नाही.

संख्या आणि वजन यांचंही एक गंमतशीर नातं दिसलं. चाळल्यावर तुकड्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली, वजन मात्र जेमतेम हललं. नव्या तुकड्यांतले बहुतेक कुठल्या प्राण्याचे हे सांगता येत नाही; कपच्या, भुसा, स्पंजसारखे लगदे. मी यांना नावं ठेवत असे, आता ठेवत नाही, कारण किती तुटलंय आणि किती जळलंय हे त्यांच्यावरूनच कळतं. पण ओळखता येणाऱ्या तुकड्यांची संख्या आणि किमान किती जनावरं होती हा आकडा, दोन्ही काढताना चाळण कोणती होती हे शेजारी लिहिलं नाही तर आकडे पोरके होतात.

शंका राहू नये म्हणून मी आणखी एक गोष्ट केली. ब्रायन शाफर यांनी १९९२ मध्ये आधुनिक सांगाडे पाव इंचाच्या जाळीतून चाळून कुठलं हाड वर राहतं, कुठलं पडतं हे पाहिलं होतं. आमच्याकडेही तुलनेसाठी ठेवलेले सांगाडे होतेच. सशाची मांडी, नडगी, जबडा, कटी वर राहिली. पायाची बोटं आणि शेपटीचे मणके पडले. लहान उंदराचं अखंड कवटी सोडली तर जवळजवळ सगळंच खाली. अखंड हाडांचं हे असं. जमिनीतली तुटलेली हाडं याहून जास्त निसटणार. उत्तर अमेरिकेत पाव इंच ही बराच काळ रूढ जाळी राहिली, म्हणून तिथल्या जुन्या अहवालात ससे आहेत पण उंदीर नाहीत असं वाचलं की मी आता आधी जाळी शोधते, मग अर्थ.

तरीही कसायांची गोष्ट पुरती खोटी ठरली असं मी म्हणणार नाही. चाळल्यानंतर पहिली आणि दुसरी बोटहाडं बरीच जुळली. तिसरी अजूनही कमी होती. त्याचं कारण चाळणीत सापडणार नव्हतं. काही हाडांवर कुत्र्याच्या दातांचे खड्डे होते, काही पोटातून गेल्यासारखी झिजून गुळगुळीत झालेली. कुत्रा मेंढीचं बोट अख्खं गिळतो. आम्लधर्मी मातीत बारीक, सच्छिद्र हाडं आधी विरघळतात. जमिनीत उरलंच नाही ते कुठलीही जाळी परत देत नाही, आणि चाळणीचा हट्ट धरणारे काही लोक हे विसरतात.

त्याच हट्टापायी सगळी माती बारीक चाळायला हवी असंही मला वाटत नाही. नांगरटीनं ढवळलेल्या वरच्या थराला १ मिलिमीटरची जाळी लावण्यात अर्थ नाही. पुढच्या हंगामासाठी आम्ही असं ठरवलं: काळ नक्की असलेल्या प्रत्येक थरातली ठरावीक लिटर माती पाण्यानं, १ मिलिमीटरपर्यंत, चूल, कचऱ्याचे खड्डे आणि घराच्या जमिनीवरचा थर पूर्ण, बाकीचं ४ मिलिमीटरवर कोरडं, आणि वरचा ढवळलेला थर फक्त हातानं. उत्खननप्रमुखांची घासाघीस लिटरवर झाली, तत्त्वावर नाही. मी थोडी माघार घेतली, कारण नीट निवडलेल्या मोजक्या बादल्या न निवडलेल्या शंभर गोण्यांपेक्षा मला जास्त सांगतात.

एका गोष्टीवर मात्र हटले नाही. हातानं वेचलेलं, १० मिलिमीटरवरचं, ४ वरचं आणि त्याखालचं कधीही एका पिशवीत एकत्र करायचं नाही. आधीच्या हंगामांतल्या हाडांशी नवी हाडं ताडून पाहायची तर हाच एक मार्ग उरतो: जुन्या हातवेच्या साहित्याशी फक्त नवं हातवेचं ताडायचं, चाळलेलं वेगळं ठेवून. सगळं एकत्र ओतलं तर शेळ्या-मेंढ्या अचानक वाढलेल्या दिसतील आणि कुणीतरी त्यावर हवामान बदलल्याचा लेख लिहील.

जुन्या गोण्यांवर आता 'हातवेचं, न चाळलेलं' अशी चिठ्ठी लावून झाली आहे. त्यांतून गुरांची मापं काढता येतील, मोठ्या हाडांवरचे सुरीचे घाव वाचता येतील, गुरांची वयं बऱ्यापैकी सांगता येतील. कळपात कोण किती होतं, हे मी त्यांना विचारत नाही. २ मिलिमीटरखालचा न निवडलेला तीन चतुर्थांश गाळ अजून डब्यांत आहे. माशांचा अभ्यास करणारं कुणी आलं तर तो आधी त्यांच्या हवाली करायचा, असं ठरलं आहे.